काकींची बंदूक

माणसाला छंद असावा, पण तो घरच्यांना परवडणारा असावा, असं आमच्या घरातलं मत आहे. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतो, कुणी नाणी, कुणी जुन्या नाटकांचे फलक. मी जुन्या चकमकी बंदुका जमवतो. जमवतो म्हणजे तरी काय, पंचवीस वर्षांत चार बंदुका, सहा-सात सुटे चाप, एक दारूचं शिंग आणि डबाभर गारगोट्या! (बंदुका सगळ्या परवान्यावरच्या आहेत, घाबरू नका.) आमच्या दिवाणखान्यात येणारा पाहुणा आधी भिंतीकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मग हळूच विचारतो, "चालते का हो अजून?" इतकी वर्षं मी या प्रश्नावर हसत आलो. आता हसत नाही. का, तेच आज सांगायचं आहे.

या नादाची सुरुवात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात झाली. जुन्या किल्ल्या, मोडके कंदील, गंजलेल्या कोयत्या असा ढीग मांडून एक म्हातारा बसला होता. त्या ढिगात तळहाताहून थोडा लांब असा एक लोखंडी तुकडा दिसला. त्याला घोडा होता, कमान होती. घरी आणून तेलाच्या फडक्याने पुसला, तर गंजाखालून एक चिमुकला सिंह वर आला. मागच्या पायांवर उभा, पुढच्या पंजात मुकुट धरलेला. तो ईस्ट इंडिया कंपनीचा सिंह होता! कंपनीच्या बंदुकांवर आधी बदामाच्या आकाराचं व्यापारी चिन्ह असे. १८०८ पासून त्याच्या जागी हा सिंह आला. म्हणजे माझ्या हातातला चाप १८०८ नंतरचा. दीडशे रुपयांत दोनशे वर्षं हातात आली, असं मला त्या रात्री वाटलं. झोप कसली येते!

ज्यांनी अशी बंदूक हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सर्वांत जुनी ती तोड्याची बंदूक. तिला जळती दोरी, म्हणजे तोडा, लागे. पाऊस आला की तोडा विझला आणि शिपाई निःशस्त्र झाला. तिच्यानंतरची ती चकमकीची. हिच्या घोड्याच्या तोंडात कातड्यात गुंडाळलेली गारगोटी धरलेली असते. खटका ओढला की घोडा पोलादी पात्यावर आपटतो, ठिणग्या उडतात, पातं मागे पडतं आणि त्याखालची छोटी वाटी उघडी होते. त्या वाटीत चिमूटभर बारीक दारू असते, तिला रंजक म्हणतात. रंजक पेटली की जाळ नळीच्या कुशीतल्या बारीक भोकातून आत शिरतो आणि आतली दारू उडते. या भोकाला जुने लोक बंदुकीचा 'कान' म्हणत. हा कान लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

हे सगळं नळीच्या तोंडातून भरायचं. कागदी पुडी दाताने फाडायची, थोडी दारू वाटीत, उरलेली नळीत, मग गोळी, मग गजाने ठासायचं. म्हणून ही 'ठासणीची'. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढत असे. शंभर पावलांपलीकडे नेम धरण्याला फारसा अर्थ नसे, म्हणूनच पलटणी खांद्याला खांदा लावून उभ्या राहत आणि एकदम बार काढत.

आता कुणी म्हणेल, या इंग्रजी लोखंडाचा आमच्या गोव्याशी काय संबंध? संबंध आहे. बंदूक गोव्याला पोर्तुगीजांनी शिकवली असं आपण सरसकट म्हणतो, पण १५१० साली आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतला तेव्हा इथे बंदुका घडवणारे कारागीर आधीपासून होते. १५१३ साली आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्याने गोव्याच्या कारागिरांची तुलना बोहेमियाच्या कारागिरांशी केली आहे, आणि बंदुकीच्या बाबतीत बोहेमियाचं नाव तेव्हा फार मोठं होतं. पुढे १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर जी तोड्याची बंदूक पोचली आणि जिच्यावरून जपानी लोकांनी आपल्या बंदुका घडवल्या, तिचं कूळ अनेक अभ्यासक गोवा-मलाक्केच्या कारखान्यांपर्यंत नेतात. आपल्या लोहारसाळेचा हा पराक्रम आपल्या शाळेत मात्र कुणी सांगितला नाही!

इंग्रजी बंदूक गोव्यात यायला तर सरळ वाट होती. नेपोलियनच्या काळात फ्रेंच गोव्यावर उतरतील या भीतीने इंग्रजांनी १७९९ ते १८१३ आपलं सैन्य इथे ठेवलं होतं. आग्वाद, काबो, मुरगांव इथे तांबड्या डगल्याचे शिपाई राहत. काबोच्या वाटेवर, दोनापावलला, त्यांची दफनभूमी अजून आहे. या शिपायांच्या हाती असायची ती 'इंडिया पॅटर्न' बंदूक. कंपनीने आपल्या हिंदुस्थानातल्या फौजेसाठी ही स्वस्त, सुटसुटीत बंदूक बनवून घेतली होती. आधीच्या इंग्रजी बंदुकीची नळी ४२ इंची, हिची ३९ इंची. फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर इंग्लंडच्या सरकारला बंदुका कमी पडल्या, तेव्हा त्यांनी कंपनीच्याच बंदुका विकत घेतल्या आणि १७९७ पासून तोच नमुना स्वतःचा केला. जवळजवळ तीस लाख नग बनले म्हणतात. १८१५ साली वॉटर्लूवर इंग्रज शिपायांच्या खांद्यावर हीच होती. आपल्या देशाच्या नावाची बंदूक!

तर अशी एक बंदूक सत्तरीत, म्हादईच्या खोऱ्यातल्या एका जुन्या घरात आहे असं मला कळलं. घर नात्यातलंच, पण लांबचं. घरात काकी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नाती. काकींनी चौऱ्याऐंशी ओलांडलेली. मी गेलो तेव्हा चौकीच्या भिंतीवर, देवघराच्या दाराशेजारी, दोन खुंट्यांवर ती आडवी टांगलेली होती. नळीला तेल आणि धूर यांचं काळं पुट, दस्त्याला वाळवीने खाल्लेली एक कड, आणि चापाच्या बाजूला हळदकुंकवाचे इतके थर की लोखंड दिसतच नव्हतं. गज केव्हाच हरवला होता. दर दसऱ्याला कोयते, पारयो, नांगराचा फाळ यांच्याबरोबर तिचीही पूजा होते. झेंडूची माळ, आपट्याची पानं, उदबत्ती, निरांजन.

"दिपाजी राण्याची ती," काकी म्हणाल्या.

मी मनात हसलो. सत्तरीतली प्रत्येक जुनी बंदूक दिपाजी राण्यांची असते. १८५२ च्या जानेवारीत त्यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि पुढे तीन वर्षं पोर्तुगीजांना रानावनात फिरवलं. एवढा मोठा माणूस, त्याच्या बंदुका घराघरात असायच्याच! पण परवानगी घेऊन मी चापावरचं कुंकू ओल्या फडक्याने जरा पुसलं आणि तोच सिंह पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला. हंसाच्या मानेसारखा वाकडा घोडा, जो इंग्रज सरकारच्या बंदुकांवर १८०९ पासून बदलून जाड, कडीसारखा झाला, तो इथे जुन्याच धर्तीचा होता. नळी मोजली, ३९ इंच. तोंडाचा व्यास पाऊण इंच. सगळं अस्सल. आजकाल खोटा मालही भरपूर आहे. आपल्याच देशात परदेशी हौशी मंडळींसाठी नव्या चकमकी बंदुका बनतात आणि कान न पाडता पाठवतात. त्यातल्याच एखादीला गंज चढवून 'पेशवाईतली' म्हणून गळ्यात मारणारेही मला भेटले आहेत. ही तशी नव्हती. माझे हात थरथरत होते, हे कबूल करतो.

मी किंमत सांगितली. काकींनी कपात चहा ओतता ओतता मान हलवली. "देवाकडे आसा ती. विकपाची न्हय."

मी तीन वर्षांत पाच वेळा गेलो. फणसाच्या दिवसांत गेलो, चवथीला गेलो. खरं सांगायचं तर ती बंदूक बघायलाच जात होतो, आणि काकी ते ओळखून होत्या. त्यांच्या दोन्ही नाती मला 'बंदूकमामा' म्हणत. धाकटी खुर्चीवर चढून तो घोडा मागे ओढायची आणि 'ठो!' करायची. मी तिला कधी अडवलं नाही. उलट घोडा अर्ध्यावर कसा थांबतो आणि पुरता कसा ओढतात, हे मीच तिला दाखवलं होतं.

गेल्या वर्षी माझ्याबरोबर बेळगावचे एक निवृत्त सुभेदार आले. फौजेत आयुष्यभर हत्यारं दुरुस्त केलेला माणूस. मी त्यांना सिंह दाखवला, घोडा दाखवला, १८०९ ची गोष्ट सांगितली. ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष सिंहाकडे नव्हतं. त्यांनी बंदूक खुंटीवरून उतरवली, तोंड भिंतीकडे केलं आणि काकींच्या मुलाला विचारलं, "एखादी सरळ काठी आहे का?"

कोंड्याची बारीक काठी आली. त्यांनी ती नळीत हळूच सोडली, टेकली तिथे नळीच्या तोंडाशी अंगठ्याने खूण धरली, काठी बाहेर काढली आणि नळीवर बाहेरून आडवी ठेवली. रिकाम्या बंदुकीत काठीचं टोक कानापर्यंत यायला हवं. ते चार बोटं अलीकडेच थांबलं.

सुभेदारांनी पुन्हा मोजलं. मग शांतपणे म्हणाले, "भरल्याली हाय की ओ ही!"

चौकीत कुणी बोललं नाही. धाकटी नात खुर्चीवर उभी होती, तिच्या आईने तिला झटकन खाली ओढलं. मला आठवला तो घोडा, तो 'ठो!', आणि तिला तो ओढायला शिकवणारा मी.

तुम्ही म्हणाल, इतकी जुनी दारू, तिच्यात काय दम उरणार? मलाही तसंच वाटत असे. पण काळी दारू कोरडी राहिली तर ती म्हातारी होत नाही. २००८ साली अमेरिकेत, व्हर्जिनियात, तिथल्या यादवी युद्धातला तोफेचा गोळा साफ करताना एक अनुभवी संग्राहक जागीच गेला. तो गोळा जवळजवळ दीडशे वर्षांचा होता. हे मी वाचलं होतं, चार जणांना सांगितलंही होतं. पण वाचलेलं आणि भिंतीवरचं यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडली नाही.

पोलीस ठाण्यावर कळवलं. दुसऱ्या दिवशी परसात, नळीचं तोंड चिऱ्याच्या बांधाकडे करून, सुभेदार कामाला लागले. मुलींना शेजारी पाठवलं होतं. आधी त्यांनी ओल्या लाकडी काडीने कान बाहेरून साफ करायला घेतला. काय निघालं असेल त्यातून? हळद, कुंकू, खोबरेल तेल आणि उदबत्तीची राख. वर्षानुवर्षं बसून दगडासारखं घट्ट झालेलं बूच! ज्या निरांजनाने दर दसऱ्याला तिला ओवाळलं, त्याची ज्योत त्या कानापासून वीतभर अंतरावर फिरत होती. आणि त्याच पूजेच्या कुंकवाने तो कान बुजवून ठेवला होता. सुभेदारांनी ते बोटावर घेऊन बघितलं आणि देवघराकडे तोंड करून हात जोडले. मी देवभोळा माणूस नव्हे, पण त्या वेळी मीही जोडले.

मग नळीत पाणी भरून ती दोन दिवस तशीच बांधाला टेकवून ठेवली. तिसऱ्या दिवशी काठीच्या टोकाला पितळी मळसूत्र बसवून त्यांनी एकेक गोष्ट ओढून काढली. आधी काथ्याचा बोळा. मग शिशाचे वेडेवाकडे तुकडे, कोयत्याने तोडावेत तसे, नऊ. त्यांच्यात दोन खिळ्यांची डोकी. मग आणखी एक काथ्याचा बोळा. आणि शेवटी काळा चिखल, त्याला गंधकाचा वास.

मी त्या तुकड्यांकडे बघत राहिलो. इतका वेळ माझ्या मनात एक वाटोळी गोळी होती. कंपनीच्या बंदुकीची, पुरत्या मापाची, दिपाजींच्या बंडातली. पण हा लढाईचा बारच नव्हता. हा रानडुकराचा बार होता. कुणीतरी भातशेती राखायला भरला होता.

काकी बलकावावर बसून बघत होत्या. त्यांनी एक तुकडा मागून घेतला आणि पदराने पुसला. मग हळूहळू बोलायला लागल्या. त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेली गोष्ट. सासऱ्यांचे वडील मानमोडीच्या साथीत गेले, १९१८ साली. भात पोटरीला आलेलं, डुकरं रोज रात्री शेतात उतरायची. संध्याकाळी ते माटवावर राखणीला जायला निघाले आणि अंगात कणकण आहे म्हणून परत फिरले. बंदूक खुंटीला लावली आणि निजले. तीन दिवसांत गेले. त्यांच्यामागून आठ दिवसांत धाकटा भाऊ गेला. त्या वर्षी भात कापायला घरात पुरुषमाणूस उरला नाही. डुकरांनी निम्मं खाल्लं, उरलेलं बायकांनी कापलं.

"भरिल्ली म्हण कोण सांगतलो?" काकी म्हणाल्या.

खरंच, कोण सांगणार? ज्याला ठाऊक होतं तोच गेला. त्यानंतर शंभराहून अधिक दसरे त्या घराने भरलेल्या बंदुकीची पूजा केली.

काळा चिखल आम्ही खड्ड्यात पुरला. नळी आतून तेलाने पुसली. मी निघायला लागलो तशा काकी म्हणाल्या, "व्हर तूं ती. पयशे नाकात. घरांत भुरगीं आसात."

तीन वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते असं फुकट पदरात पडलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात दिवाणखान्यातली रिकामी जागासुद्धा मोजून झाली! आम्हा संग्राहकांची जातच तशी. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला, तेव्हा हजारो जुन्या बंदुका एकदम बाजारात आल्या. जगभरच्या हौशी लोकांना दिवाळी वाटली. मलाही वाटली. आज त्यातली एखादी कुणाच्या भिंतीवर असेल, तिचा कारखाना, साल, शिक्का सगळं त्याला सांगता येईल. पण ती कुणाच्या हातात होती, कुणी शेवटची भरली, हे सांगणारं माणूस तिच्या शेजारी नसेल. काकींची बंदूक मी नेली असती तर माझ्याकडे एक उत्तम इंडिया पॅटर्न आली असती. आणि मानमोडीच्या वर्षी शेतावर न पोचलेला तो माणूस त्या घरातून पुन्हा एकदा गेला असता.

"काकी," मी म्हटलं, "ती आता रिकामी आहे. राहू दे तिथेच."

मग कागदपत्रांचं काम. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्यापुराण्या हत्यारांना सूट आहे, पण जे दुरुस्त करूनही चालणार नाही अशालाच. ही बंदूक तर, सुभेदारांच्या मते, एक गारगोटी बसवली की उद्या चालेल. त्यामुळे वारशाने आलेलं हत्यार म्हणून रीतसर अर्ज केला. तुमच्या घरात अशी एखादी 'म्हातारी' टांगलेली असेल तर तिच्याशी खेळ करू नका. घोडा ओढू नका, आत काही खुपसू नका, तापवू तर मुळीच नका, तोंड माणसांकडे करू नका. पोलिसांना कळवा आणि जाणकाराला बोलवा. 'आमची रिकामी आहे' असं प्रत्येक घर म्हणतं. काकींचं घरही म्हणत होतं.

त्या रात्री मी घरी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. बायकोने ताट वाढलं. मी जेवलो नाही. परसातून कोंड्याची काठी आणली आणि दिवाणखान्यातल्या चारही बंदुका एकामागून एक उतरवून मोजल्या. त्यातली एक अठरा वर्षं माझ्या मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर टांगलेली होती. तिच्यावर मी एका दिवाळी अंकात लेखही लिहिला होता, शिक्के, साल, कारखाना, सगळं त्यात होतं. काठी तिच्यात मात्र कधी घातली नव्हती.

चारही रिकाम्या निघाल्या. चौथीतून काठी बाहेर काढून नळीवर ठेवली, टोक बरोबर कानाशी आलं, आणि मी तिथेच जमिनीवर बसलो. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. वाढ."

यंदा दसऱ्याला सत्तरीत गेलो होतो. बंदूक तिच्या जागी होती, झेंडूची माळ होती. काकींनी निरांजन ओवाळलं आणि चापावर कुंकू लावलं. खालच्या पाटावर, आपट्याच्या पानांवर, शिशाचे ते नऊ तुकडे आणि दोन खिळ्यांची डोकी मांडलेली होती. त्यांनाही हळदकुंकू होतं.

धाकटी नात मला बाजूला घेऊन म्हणाली, "बंदूकमामा, हांवें काठी घालून पळयली. रिकामी आसा."